हरमलची जुनी सायकल

मार्च महिना सरत आला, उन्हे तापू लागली, की पेडणे तालुक्यातील हरमलच्या किनाऱ्यावर एक निराळाच बाजार भरतो. त्याला ना पाल, ना तागडी. ऑक्टोबरात आलेले परदेशी पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात. सहा महिन्यांच्या संसारात जमवलेले सामान विमानाने नेण्यापेक्षा येथेच विकून टाकलेले बरे, असा त्यांचा हिशेब असतो. मग उपाहारगृहांच्या भिंतींवर चिठ्ठ्या लागतात. गिटार विकणे आहे, योगासनांची चटई विकणे आहे, तंबू विकणे आहे. या यादीत हटकून एखादी सायकल असते. जाड टायरांची, रुंद हँडलाची, पुढच्या चिमट्यात धक्के पिणारी योजना असलेली. खाली लिहिलेले असते, ‘हार्डटेल माउंटन बाइक, उत्तम स्थितीत’. उत्तम स्थितीत नसलेली वस्तू आजवर कोणी विकायला काढल्याचे ऐकिवात नाही!

बडोदेकरांनी या चिठ्ठीकडे का पाहावे, असे कोणी विचारील. एक तर आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत आणि त्या निमित्ताने तिकडे आपले जाणे-येणे असतेच. दुसरे असे, की मोप्याच्या पठारावरील विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली, आणि एके काळी काजू, भात व मासळी यांवर जगणारा पेडणे तालुका बाहेरच्या तरुणांना नोकरीचे ठिकाण झाला. दांडिया बाजारातील आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा नातू असाच तिकडे गेला. राहायला खोली मिळाली ती हरमलला. वडील हयात नाहीत. दरमहा घरी पैसे पाठवून जी काही शिल्लक पडे तीतून वर्षभरात चोवीस हजार रुपये साठले, आणि नेमक्या चोवीस हजारांची एक सायकल त्याला भिंतीवरच्या चिठ्ठीत दिसली. त्याने आजोबांना फोन केला. आजोबांनी विचारले, “अरे, एवढ्या पैशात नवी येत नाही का?” नातू म्हणाला, “येते आजोबा, पण अशी येत नाही.” आमचे त्याच सुमारास देवदर्शनासाठी गोव्याला जाणे होते, म्हणून परीक्षकाची पगडी आमच्या डोक्यावर आली.

‘अशी येत नाही’ म्हणजे कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या पिढीची सायकल म्हणजे रॅले, हंबर, बी. एस. ए. किंवा फिलिप्स. काळी, उंच, पुरी साखळी झाकणारी, मागे कॅरियर आणि पुढे डायनामोचा दिवा. रावपुऱ्यातून ती मिरवत नेणाऱ्याला आपल्या मालकीच्या घोड्याचा अभिमान असे. ती सपाट रस्त्याची गाडी. माउंटन बाइकचा जन्म मात्र डोंगरउतारावर झाला, आणि गंमत अशी की तो जुन्या सायकलींतूनच झाला. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही उडाणटप्पू पोरांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या जाड टायरांच्या अवजड सायकली मातीमोलाने घेतल्या आणि त्यांवरून कच्च्या रस्त्याने उतार उतरण्याच्या शर्यती लावल्या. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ची. त्या उताराला नाव पडले ‘रीपॅक’. कारण खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबातील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यांच्यापैकीच जो ब्रीझ याने १९७७ साली मुद्दाम या कामासाठी नवा सांगाडा घडवला. गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही त्याच मंडळींतील नावे. भंगारातून निघालेला हा खेळ १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकपर्यंत गेला. तेव्हा जुनी माउंटन बाइक घेण्यात कमीपणा तर नाहीच, उलट ती या सायकलीची कुळपरंपराच आहे, असे आम्ही त्या नातवाला सांगितले. त्याला हे फार आवडले. परंतु कुळ चांगले असले तरी मुलगी पाहावी लागतेच.

‘हार्डटेल’ म्हणजे ताठ शेपटीची. पुढे धक्के पिणारा चिमटा, मागचा सांगाडा मात्र एकसंध आणि ताठ. मागेही स्प्रिंगा असलेल्या सायकली निघाल्या तेव्हा या जुन्या प्रकाराला वेगळे नाव देण्याची गरज पडली. जुनी घ्यायची असेल तर ताठ शेपटीची घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागे स्प्रिंग आली की बिजागऱ्या आल्या, बिजागऱ्या आल्या की त्यांतील बेअरिंगे आली, आणि ती खिळखिळी झाली की सुटे भाग मागवायला मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसावे लागते. हार्डटेलमध्ये बिघडण्याजोगे कमी असते आणि चढावर पायांची ताकद स्प्रिंगा दाबण्यात वाया जात नाही.

पण ही गाडी चालवायची कोठे? हरमलच्या पुळणीवर, असे ज्याच्या मनात असेल त्याने सायकल घेऊच नये. ओल्या वाळूवर जाड टायर सुरेख चालतो खरा, परंतु खारे पाणी आणि रेती चेनमध्ये, हबांत, पायडलांच्या मधल्या आसात शिरते व महिनाभरात छर्ऱ्यांची भुकटी करते. पेडण्यात या सायकलीला खरे रान आहे ते आतल्या बाजूला. जांभ्याचे सडे, काजूच्या बागांतून उतरणाऱ्या तांबड्या वाटा, पालये-केरीकडचे चढउतार, आणि केरीला तरीत बसून नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला. हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधला आणि १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. संस्थानी गावातल्या माणसाला तेथे उभे राहून दोन घटका नदीच्या मुखाकडे पाहत बसावेसे वाटते. तर असे फिरणे असेल तरच माउंटन बाइक. नुसते डांबरी रस्त्याने म्हापशाला जायचे असेल तर खडबडीत टायर रस्त्याला चिकटल्यासारखा ओढतो आणि चिमट्याची स्प्रिंग विनाकारण डुलत राहते. नातवाचे उत्तर ठाम होते. सुटीच्या दिवशी सड्यावर जायचे. पाळी रात्रीची असली की दिवसा झोप येत नाही, अंग मोडून यावे असे काहीतरी हवे. हे कारण आम्हाला पटले.

विक्रेता सज्जन होता. दोन महिन्यांनी आपल्या देशी जाणार होता आणि सायकलीवर त्याचे प्रेम होते. ॲल्युमिनियमचा सांगाडा, २९ इंची चाके, तेलाच्या दाबाचे डिस्क ब्रेक, हवेवर चालणारा चिमटा. धुऊन पुसून अशी उभी केली होती की बोहल्यावरच चढायची! अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे सायकलीच्या दिमाखाकडे पाठ फिरवून तिच्यावर बसून पाहावे. मधला दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर पाय टेकवून उभे राहिले असता दांडा आणि माणूस यांत निदान दोन-तीन इंच अंतर हवे. मोठ्या मापाची सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी ती दुसऱ्याच्या मापाच्या अंगरख्यासारखी, उतारावर तर धोक्याचीच. माप बरोबर होते. चाकाचा आकारही ध्यानात घेण्याजोगा आहे. २६ इंची चाक जुने, त्याचे साधे टायर कोणत्याही गावात मिळतात पण उंची प्रतीचे आता कमी झाले आहेत. साडेसत्तावीस आणि एकोणतीस ही हल्लीची मापे.

मग आम्ही खिशातून हातरुमाल आणि विजेरी काढली. जुन्या सायकलीत सगळे काही बदलता येते, सांगाडा बदलता येत नाही. म्हणून पाहणीची सुरुवात तेथून. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचे स्वभाव निराळे. पोलाद गंजते, परंतु बहुधा आधी वाकते, कुरकुरते, सूचना देते. ॲल्युमिनियम सहसा तांबडे गंजत नाही, म्हणून भोळे गिऱ्हाईक फसते, ते थकते. हजारो धक्क्यांनंतर जोडाजवळ केसाएवढी चीर पडते आणि ती आतल्या आत वाढत जाते. जागा ठरलेल्या आहेत. हँडलाच्या नळीला खालचा तिरका दांडा जेथे जोडला असतो त्याची खालची बाजू, पायडलांच्या आसाभोवतीचे जोड, सीटच्या नळीला वरून दिलेला काप, आणि मागच्या चाकाच्या खाचा. रुमालाने पुसून, विजेरी तिरकी धरून तेथे पाहायचे. हँडलामागे खालच्या अंगाला रंगाला सुरकुती पडलेली दिसली तर गाडी समोरून जोरात आदळली आहे असे समजावे. आणि त्या नेमक्या जागी नवे कोरे चित्र चिकटवलेले असेल तर ते चित्र हळूच सोलून पाहण्याची परवानगी मागावी.

येथे तसे एक चित्र होते. सूर्याचे. आम्ही परवानगी मागितली. विक्रेत्याने स्वतःच ते नखाने काढले. त्याखाली जोडाच्या कडेने सुमारे बोटाच्या पेऱ्याएवढी एक काळी रेघ होती. ती नुसती रंगाची रेघ आहे की धातूची, हे रुमालाचा धागा ओढून पाहिल्यावर कळले. धागा अडकला. विक्रेत्याचा चेहरा पडला. त्यालाही ठाऊक नसावे, कारण सायकल त्यानेही हरमललाच, आदल्या वर्षी, कोणाकडून तरी घेतली होती.

एवढ्यावर उठायला हरकत नव्हती. तरी शिकवणीचा प्रसंग आहे तर बाकीचे पाहून घेऊ, असे नातू म्हणाला. सीटचा बोल्ट सैल करून सीट फिरवायला गेलो, ती हलेना. किनाऱ्यावरील सायकलींचा हा खास रोग आहे. दोन निरनिराळे धातू, म्हणजे पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा किंवा उलट, एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट दमट हवा शिरली की त्यांच्यात वीजघटासारखी क्रिया सुरू होते, भुकटी धरते, आणि दोन्ही जणू एकजीव होतात. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम असले तरी ग्रीसवाचून वर्षानुवर्षे ठेवलेला दांडा असाच धरून बसतो. मग तो काढताना कित्येकदा सांगाडाच बाद होतो. म्हणून हरमल असो, मालवण असो की मुंबई, समुद्रकाठची सायकल घेताना सीट वर-खाली झालीच पाहिजे, असा हट्ट धरावा. पुढच्या चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवले. एके ठिकाणी गंजाचे खडबडीत टिपके लागले. चिमटा दाबला की त्या खडबडीत जागेने तेलाची सील कातरली जाते, तेल बाहेर, धूळ आत. त्या नळ्या बदलायच्या म्हणजे जवळजवळ नवा चिमटा घेण्याइतका खर्च.

परत येताना नातू बराच वेळ गप्प होता. मनात भरलेली वस्तू सोडून येणे तरुणपणी अवघड जाते. त्याने एकदाच विचारले, “ती रेघ वेल्डिंगने भरता येणार नाही का?” येत नाही असे नाही. परंतु अशा ॲल्युमिनियमला जोड दिल्यावर बहुधा पुन्हा भट्टीत घालून त्याला कस आणावा लागतो. ते नाक्यावरच्या वेल्डरचे काम नव्हे. आणि ती नळी सुटायची ती खोलीवर उभी असताना नव्हे, केरीच्या उतारावर सुटायची. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाने तीन महिने हात गळ्यात बांधून बसणे कोणाला परवडणार? तो पुढे काही बोलला नाही.

दुसरी सायकल मांद्र्याला निघाली. तिची चिठ्ठी कोठे लागली नव्हती. दुकानदाराच्या बोलण्यातून कळली. घरचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला होता आणि सायकल पडवीत दोरीने टांगलेली होती. तांबड्या धुळीने माखलेली, टायर बसलेले, रंग विटका. पहिलीपुढे ही म्हणजे नाटकात पडदा ओढणारी. पण विजेरीने पाहता सांगाड्याला कोठे रेघ नाही, सुरकुती नाही. सीट पहिल्याच हिसक्यात फिरली. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे हलवले, तेथे खडखड नाही. क्रँक धरून आडवी हलवली, आसाला किंचित ढिलाई. चाके उचलून फिरवली, मागच्याला थोडा आऊट होता. तारा आवळून निघण्याजोगा. साडेसत्तावीस इंची चाके, मागे आठ दाती-चकत्या, डिस्क ब्रेक पण तारेने ओढायचे. शहाणे लोक तारेच्या ब्रेकला नाक मुरडतात. खेडेगावात तेच बरे. तेलाच्या ब्रेकात कोणाला खनिज तेल लागते, कोणाला मोटारीच्या ब्रेकचे डॉट द्रव, आणि एकाच्या जागी दुसरे ओतले की आतली रबरे फुगून ब्रेकच बसतो. तार तुटली तर ती कोणताही सायकल-मिस्त्री घालून देतो.

चेनची परीक्षा मात्र प्रत्येक वाचकाने शिकून ठेवावी, कारण तिला फक्त फूटपट्टी लागते. पोलादी असावी, शाळेची लाकडी नको. सायकलीच्या चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच. म्हणजे चोवीस अंतरे मोजली की नेमके बारा इंच भरले पाहिजेत. वापराने पिना झिजतात आणि चेन लांबते. बारा इंचांवर एक सोळांश इंच गेला की चेन बदलावी. एक अष्टमांश गेला तर एकटी चेन बदलून भागत नाही. लांबलेल्या चेनने मागच्या चकत्यांचे दातही खाल्लेले असतात आणि नवी चेन त्यांवरून उड्या मारते. मांद्र्याच्या चेनने अष्टमांशही ओलांडला होता. टायरांच्या बगला तडकलेल्या होत्या. रबर वापराने नव्हे, ऊन आणि वेळ यांनी मेले होते. चिमटा स्प्रिंगचा, नळ्या स्वच्छ, पण आतले ग्रीस वाळलेले.

आता हिशेब. जुन्या सायकलीची किंमत मागणाऱ्याच्या तोंडातून निघत नसते, ती दुरुस्तीच्या यादीतून निघते. तशीच सायकल आज नवी पंचवीस हजारांना पडते असे धरू. सहा वर्षांच्या, ठाकठीक चालणाऱ्या गाडीला त्याची निम्मी, म्हणजे साडेबारा हजार, ही आमच्या मते वरची मर्यादा. त्यातून चेन आणि चकत्या मिळून अडीच हजार, टायर-ट्यूब अडीच हजार, ब्रेकचे गट्टू व तारा एक हजार, आणि चिमटा, आस, चाक यांची मजुरी-सामानासह दीड हजार वजा करा. साडेसात हजार गेले, उरले पाच. या रीतीने पहिल्या सायकलीचा हिशेब केला तर उत्तर शून्याच्या खाली जाते. विक्रेत्याने चोवीसचे बारा केले असते तरी ती महागच पडली असती. सांगाडाच गेला तेथे बाकीच्या भागांचा मेळ पुन्हा कोठे बसवणार?

मांद्र्याच्या बाईंनी बारा हजार सांगितले होते. आम्ही घासाघीस केली नाही. यादी वाचून दाखवली आणि चेनवर पट्टी ठेवून दाखवली. त्यांनी आत जाऊन मुलाला फोन केला. बाहेर येऊन म्हणाल्या, “तो म्हणता सहा द्या, पण गाडी वापरणाऱ्याकच द्या.” कपाटातून त्यांनी मूळ पावतीही काढून दिली. या पावतीचे महत्त्व कमी लेखू नये. सायकलीच्या तळाशी, पायडलांच्या आसाखाली, एक क्रमांक ठोकलेला असतो. तो घासलेला असेल तर सौदा तेथेच मोडावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाप्रमाणे चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणारा गुन्हेगार ठरतो, आणि हंगामी वस्तीच्या गावात सायकल चार हातांतून फिरलेली असते. पावती नसेल तर साध्या कागदावर क्रमांक, किंमत, तारीख आणि विकणाऱ्याची सही घ्यावी. येथे पावतीवरचा क्रमांक आणि तळचा क्रमांक जुळला.

सहा हजार गाडीचे, साडेसात हजार दुरुस्तीचे. साडेतेरा हजारांत सड्यावर नेण्याजोगी सायकल झाली आणि नातवाकडे साडेदहा हजार उरले. त्यांतले हेल्मेटला किती जातात हे त्याने आम्हाला विचारले, घ्यावे की नाही असे विचारले नाही; ही गोष्ट आम्ही त्याच्या आजोबांना मुद्दाम कळवली. टायर बदलल्यावर प्रथम हलक्या चढावर सगळे गिअर एकेक करून घालून पाहणे, मग छोट्या उतारावर दोन्ही ब्रेक निरनिराळे दाबून पाहणे, एवढे झाल्यावरच तेरेखोलचा बेत करावा असे ठरले.

राहता राहिला पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेवढ्यात उघड्यावर ठेवलेली सायकल दसऱ्याला ओळखू येत नाही. फिरून आले की गोड्या पाण्याने धुणे, पण पाण्याची जोरदार धार हबांवर न मारणे. चेन कोरडी पुसून तिला तेल देणे. महिन्यातून एकदा सीटचा दांडा उपसून, पुसून, ग्रीस लावून परत बसवणे. नातवाच्या घरमालकांनी पडवीतला एक हूक त्याला दिला आहे. शेजारी पोदेराची सायकल लागते. पहाटे पाव घेऊन निघणाऱ्या त्या गाडीला मागे वेताची टोपली आणि हँडलाला भोंपू आहे, आणि ती आपल्या जुन्या रॅलेसारखी काळी, उंच व दणकट आहे.

आजोबांना सायकलीचे छायाचित्र पाठवले. त्यांनी ते मोठे करून बराच वेळ पाहिले. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, दिवा नाही, हे सगळे त्यांनी मोजले असावे. मग फोन करून एवढेच विचारले, “घंटी कुठे आहे रे?” तीस विसरली होती. दुसऱ्या दिवशी म्हापशाहून आणली.